बसतंय, पण घासतंय

पाच भोकांच्या चाकात कुठल्याही भोकाच्या बरोबर समोर दुसरं भोक नसतं. चाक हातात दिलं तर शाळकरी पोरालाही हे दिसेल. मला ते चिंचवडच्या एका चाकांच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत कळलं. आणि माझं आयुष्य चाकणच्या एका कंपनीच्या तपासणी विभागात, म्हणजे दुसऱ्यांच्या मापांतल्या चुका शोधण्यात गेलंय.

झालं असं, की तोवर माझ्या वाट्याला आलेल्या गाड्यांच्या चाकांना चारच भोकं होती. चार भोकांचं सोपं असतं. या भोकाच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजलं, की ज्या वर्तुळावर ती पाडलीत त्याचा व्यास मिळाला. हाताला तेच वळण. या गाडीच्या चाकाला मात्र पाच होती. पार्किंगमध्ये उकिडवा बसून, चष्मा नाकावर ओढून मी व्हर्निअर लावला आणि त्यातल्या त्यात समोर वाटणाऱ्या भोकापर्यंतचं अंतर घेतलं. एकशे आठ मिलिमीटर आणि वर किंचित. एकशे आठ! जपमाळेचे मणी तेवढेच. इतका शुभ आकडा चुकीचा असेल अशी शंकाही मनाला शिवली नाही.

दुकानदाराला सगळे बंटीशेठ म्हणतात. त्यानं एकशे आठची काळी चकचकीत चाकं आतून आणवली, जॅकवर गाडी उचलली, जुनं चाक उतरवलं आणि नवं लावायला गेला. बोल्ट भोकांत शिरेनात. त्यानं चाक फिरवून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"काका, तुमच्या गाडीला एकशे चौदाचं लागतं. हे एकशे आठ कुठनं आणलं?"

"मोजून."

"कशानं? जपमाळेनं?"

मी त्याला मण्यांबद्दल अवाक्षरही बोललो नव्हतो. काही माणसांना आपला चेहरा वाचता येतो, त्याला इलाज नाही.

परवा निगडीच्या चौकात झेंडूचे ढीग लागलेले पाहिले आणि हे सगळं पुन्हा वर आलं. या दिवसांत आमच्याकडची हवा मजेशीर असते. सकाळी गारवा, दुपारी कंपनीची पत्र्याची शेड तापून निघते, यंत्रं थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास अंगातल्या शर्टाबरोबर घरी येतो, आणि रस्त्याच्या कडेला एकदम पिवळं-केशरी काहीतरी. खेडकडून टेम्पो भरभरून झेंडू येतो. त्याच रस्त्यानं उलट्या दिशेला नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर जात असतात. फुलं शहरात, गाड्या देशभर; मधल्या कोंडीत आम्ही, कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत. यंदा माझ्या गाडीच्या टायरांची नक्षी झिजत आलीय. झेंडू घेऊन घरी आलो, त्या नक्षीत नख घालून पाहिलं, आणि नखाबरोबर तो सगळा भाद्रपद-आश्विन बाहेर आला.

गाडीबद्दल सांगायला हवं. मोशीकडच्या एका जुन्या शेतकरी घरातल्या मुलानं ती हौसेनं घेतली होती आणि लग्न ठरल्यावर विकायला काढली होती. दोन दारं, दोनच सीटं, रंग लाल, आणि उंची इतकी कमी की आत बसताना माणूस विहिरीत उतरतोय असं वाटावं. आयटीआयला होतो तेव्हापासून असली गाडी माझ्या डोक्यात होती. धाराशिवकडून आलेल्या शिकाऊ पोराच्या डोक्यात काय वाटेल ते असू शकतं. ते पन्नाशीतही तिथंच असावं, हे जरा जास्त झालं. आमच्या घरात माणसं तीन. माझी बायको मंगल, कॉलेजात जाणारी मुलगी सई, आणि मी. गाडी दारात आली त्या दिवशी मंगल तिच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "सईला कुठं बसवायचं? टपावर?"

सगळं मनासारखं होतं, फक्त चाकं अंगाच्या मानानं बारीक. तालमीतल्या पैलवानाच्या पायात शाळेचे बूट असावेत तशी. देहूरोडवरून जाताना लष्कराचे ट्रक दिसायचे, त्यांची ती मातब्बर चाकं दिसायची, आणि मी आमच्या लाल पैलवानाबद्दल मनातल्या मनात खजील व्हायचो. रुंद चाकं घालायची, हे माझं ठरलं. एकदा माझं ठरलं की घरातले लोक मला समजावत नाहीत, नुसते एकमेकांकडं बघतात.

तर बंटीशेठच्या दुकानात, जपमाळेनंतर. अशा वेळी शहाण्या माणसानं घरी यावं, चहा प्यावा, नीट माहिती काढावी. पण फजिती झाली की मला घाई होते. पुढे काही विचारलं तर आणखी अडाणी दिसू, अशी भीती वाटते. बंटीशेठनं बरोबर भोकांची दुसरी चाकं काढली, आधीच्यांपेक्षाही रुंद. ती खटकन बसली. "एकदम फिट, काका!" तो म्हणाला. मी मागं सरून पाहिलं. टायर मडगार्डच्या कडेच्या जरासे बाहेर आले होते. गाडी कमरेवर हात ठेवून उभी राहिल्यासारखी दिसत होती. मी विचारायला हवं होतं, की ही रुंदी वाढली ती कुठल्या बाजूला वाढली? आत की बाहेर? मी विचारलं, "फोटो काढता का एक?"

आमचा घरचा गणपती गौरींबरोबर जातो. त्यानंतरच्या रविवारी मंगलच्या माहेरी, राजगुरुनगरला जायचं होतं. तिकडचे लोक अजून खेडच म्हणतात. तिच्या मांडीवर करंज्यांचा डबा, अंगावर गौरीची साडी, आणि नव्या चाकांवरची पहिलीच सफर. तळवडे मागं पडलं तशी ती म्हणाली, "अहो, काहीतरी घासतंय."

"टायर नवे आहेत. अंग धरतायत."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, वारा आहे. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझी मजल पुढं गेली. "तुझ्या बांगड्या वाजतायत."

मंगलनं एकेक करून बांगड्या उतरवल्या, डब्यावर ठेवल्या, वर पदर टाकला आणि हात मांडीवर घेऊन बसली. आवाज चालूच होता. मी रेडिओ लावला.

चाकणच्या अलीकडं एक गतिरोधक आहे, म्हणजे डांबराचा तो कुणीतरी रागारागानं ओतलेला ढिगारा. दोघांच्या वजनानं आधीच खाली बसलेली गाडी त्यावरून उतरताना आणखी बसली आणि डाव्या मागच्या टायरला मडगार्डच्या पत्र्याच्या कडेनं सुरीसारखं कापलं. फाट् असा आवाज आला. गाडी डावीकडं ओढली गेली. मागं एक ट्रेलर होता. त्याचा हॉर्न इतका मोठा आणि इतका जवळ आला की तो आपल्याच डोक्यात वाजतोय असं वाटलं. मग तो आमच्या उजव्या अंगानं सरकत पुढं गेला, आणि जाताना त्याच्या चाकांचा गरम वारा माझ्या कोपराला लागला.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. कंपन्यांच्या बसमधले लोक माना वळवून बघत होते. मंगलनं बांगड्या परत चढवल्या, डबा घेतला आणि मागून येणाऱ्या, खेडला निघालेल्या वडापच्या जीपला हात केला. जीपमध्ये पाय ठेवताना म्हणाली, "मी या गाडीत परत बसायची न्हाई." लग्नानंतर निगडीत राहून तिची भाषा अगदी पुस्तकी झालीय, पण राग आला की खालून खेड वर येतं. 'न्हाई' म्हणाली म्हणजे ते वाक्य पक्कं समजायचं. जीप गेली. मी गाडी टेम्पोवर चढवून निगडीला आणली. सोसायटीतल्या लोकांनी ती टेम्पोवरून उतरताना बघितली, त्याबद्दल इथं काही लिहीत नाही.

संध्याकाळी ती परत आली. मेथी निवडायला बसली. मीही समोर बसलो, चार काड्या मोडल्या.

"मागं ट्रेलर होता. बघितलावता तुम्ही?"

"बघितला होता."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू पण बोलली नाहीस."

"मी तळवड्यापासनं बोलत होते," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

मेथीच्या त्या ढिगासमोर माझं दुसऱ्यांदा ठरलं. या दसऱ्याला मंगल याच गाडीत बसून खेडला जाणार. गाडी विकणं सोपं होतं, जुनी बारीक चाकं परत घालणं त्याहून सोपं. पण तेवढ्यानं ती बसली असती असं मला वाटत नाही. ती चाकांमुळं नव्हती उतरली.

भाद्रपद-आश्विन म्हणजे आपल्याकडं सगळं बसण्याचे दिवस. गणपती बसतात, घट बसतात. आमच्या मराठवाड्यात लक्ष्म्या बसतात, आणि नवरात्र लागलं की 'देव बसले' म्हणतात. बाकी वर्षभरही बसतंच असतं काही ना काही: घडी बसते, जम बसतो, चटका बसतो, विश्वास बसतो. त्या वर्षी दोन महिने मी फक्त या एका क्रियापदाच्या मागं होतो. चाक बसतं का, आणि बायको बसते का.

मध्ये पितृपंधरवडा आला. त्यात कुणी नवी वस्तू घेत नाही. माझ्यासारख्या घायकुत्या माणसासाठी ही फार मोलाची सोय आहे, हे मला तेव्हा कळलं. खरेदी बंद, पण मोजमापाला पितरांची हरकत नसावी. बंटीशेठनं तोंड वाकडं करत रुंद चाकं परत घेतली. जुनी चढवली आणि मी रोज कंपनीतून आलो की गाडीशेजारी जमिनीवर आडवा.

हळूहळू समजत गेलं. रुंद चाक म्हणजे खोलीत आणलेलं मोठं कपाट. ते भिंतीकडं सरकवलं तर मागचं बटण झाकलं जातं, दाराकडं ओढलं तर दार उघडत नाही. चाकाचंही तसंच. वाढलेली रुंदी आत गेली तर स्प्रिंगला घासते, बाहेर आली तर पत्र्याला. चाक ज्या तबकडीवर टेकतं ती जागा चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, त्यावर हे ठरतं. त्याला ऑफसेट म्हणतात. तोवर ऑफसेट हा शब्द मला फक्त लग्नपत्रिकांच्या छपाईत ठाऊक होता. टायरचंही एक गणित असतं. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत धरतात; रुंदी वाढवली तर टक्के कमी करायचे, म्हणजे एकूण चाक होतं तेवढंच उंच राहतं; नाहीतर वेग दाखवणारा काटा खोटं बोलायला लागतो. उंची तीच आणि अंग रुंद. चाळिशीनंतरचं माझंच वर्णन असल्यानं ते मला लगेच पटलं.

पण हे सगळं उभ्या गाडीचं. उभ्या गाडीत कुठलंही चाक बसतं. बंटीशेठचंही बसलं होतं. वळताना, खड्ड्यात, माणसं बसलेली असताना आत किती जागा उरते, ते बघायला तिथं डोळा जात नाही. कंपनीत साच्याच्या दोन भागांतली फट बघायची असली की आम्ही मध्ये मऊ काहीतरी ठेवून साचा मिटवतो. ते चेपून किती जाड उरतं ते मोजलं की झालं. मला माती हवी होती. मऊ, चिकट, बारीक पोताची. आणि ती गॅलरीत बादलीभर होती.

आमचा गणपती शाडूचा. सई घरीच करते आणि विसर्जनही घरीच, बादलीत. बाप्पा विरघळून तळाशी सुरेख माती बसली होती. मी वरचं पाणी ओतायला वाकलो तोच मागून मंगलचा आवाज आला.

"हात लावू नका."

"थोडी माती घेतो गं. मडगार्डच्या आत लावायला."

"बाप्पाची माती चाकाला लावणार?"

"चाकाला नाही, चाकाच्या वर. छत्रासारखी."

"आणि चाक लागलं तर?"

"लागतंय का तेच तर बघायचंय!"

मंगल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. असल्या प्रसंगी घरात सुप्रीम कोर्ट सई असते. तिनं पुस्तकातून डोकं वर न काढता निकाल दिला. "मूर्ती करून उरलेली कोरडी माती माळ्यावर आहे. तिच्यात अजून बाप्पा आलेले नाहीत."

मी शिडी शोधायला निघालो. मंगल तोवर स्टुलावर चढली होती. तिनं पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि बादलीतली माती त्याच पावली तुळशीत आणि जास्वंदीत नेऊन घातली, माझा भरवसा नव्हता म्हणून. चाकणच्या त्या रविवारनंतर गाडीच्या कामात तिचा हात लागला तो हा पहिला. मी पिशवी घेऊन खाली पळालो. काही बोललो असतो तर पिशवी परत माळ्यावर गेली असती.

शाडू भिजवून त्याच्या पट्ट्या केल्या. चारही चाकांच्या वर आणि आतल्या बाजूला, पत्र्याला चिकटवल्या. आता गाडीत वजन हवं होतं. उजवीकडं मी. डावीकडं जिनं बसायचं तिनं बसायचं नाही असं सांगितलेलं. घरात वर्षाचा गहू भरलेला असतो. मी एक भरलं पोतं आणि एक अर्धं, अशी डाव्या सीटवर बसवली, वर पट्टा लावला, आणि गाडी चालू करणार तेवढ्यात मंगल भाजी घेऊन फाटकातून आत आली.

"हे काय?"

"वजन. तुझ्या जागी."

तिनं वाकून आत पाहिलं. "मी दीड पोतं?"

जीव तोडून सांगितलं, की अर्धं पोतं जास्तीचं आहे, सुरक्षिततेसाठी; पूल बांधतानासुद्धा असंच धरतात.

"म्हणजे मी एक पोतं. आणि पूल."

काही संवादांत बाहेर पडायची वाटच ठेवलेली नसते. मी स्टिअरिंगकडं बघत राहिलो. भाजीची पिशवी पार्किंगमधल्या कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती डावं दार उघडून उभी राहिली.

"उतरवा ती पोती. असल्या मापावर चाकं आणाल, आणि परत तेच."

मी पोती उतरवली. ती आत बसली, पट्टा लावला, आणि समोर बघत म्हणाली, "मापापुरती. बसले असं समजू नका."

सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावरून आम्ही गेलो आणि आलो. स्टिअरिंग या टोकाला वळवून एकदा, त्या टोकाला वळवून एकदा. फाटकावरचा वॉचमन काका गाडी आत की बाहेर लिहायची या पेचात वही घेऊन उभा होता. तेवढ्या पल्ल्यात तिनं दाराची मूठ एकदाही सोडली नाही. बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसत होती. चाकणला काय झालं होतं ते मला खरं त्या पेरांवरून कळलं. ट्रेलर मी आरशात बघितला होता. ती डावीकडं होती, फुटलेल्या चाकाच्या बाजूला, आणि तिच्यासमोर आरसाही नव्हता. तिनं तो फक्त ऐकला होता.

उतरल्यावर मी जमिनीवर आडवा झालो. तीही पदर खोचून शेजारी बसली. डाव्या मागच्या चाकावरच्या पट्टीला तिनं बोट लावलं. बारीक चाकं असूनही, दोघांच्या वजनाला पट्टी चांगलीच चेपली होती.

"इथं तर बोटभरसुद्धा न्हाई राहिलं."

"आतल्या बाजूला आहे बघ जागा. थोडीशी."

"मग आत वाढवा थोडीशी. थोडीशी म्हणजे थोडीशी."

तिथं माझी रुंदी ठरली. मनातल्यापेक्षा एक माप कमी. खरं सांगतो, वाईट वाटलं. देहूरोडचे ट्रक डोळ्यांसमोरून गेले. रुंद चाक घ्यायचं ते दिसावं म्हणून, आणि ही चाकं तर बाहेरून जेमतेम कडेला येणार. पण मापं माझ्या हातात होती, आणि या वेळी त्यांत शुभ-अशुभ काही नव्हतं.

घट बसले त्या दिवशी बंटीशेठकडं गेलो. पाच भोकांचं वर्तुळ, रुंदी, ऑफसेट, टायरची उंची, टायरला किती वजन झेपायला हवं तो आकडा, सगळं सांगितलं. मधलं भोक मोठं असेल तर बसवायची कडीही मागितली, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. बंटीशेठनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, एवढंच? राव, स्पोर्ट गाडी आहे! पत्र्याची कड हातोडीनं आत वळवून देतो, मग अजून दोन माप रुंद बसतंय."

"बसेल. पण घासेल."

"कोण बोललं?"

"घरचे."

तो हसला. त्यानं हातोडीबद्दल आणखी दोनदा विचारलं, गाडी किती भारी दिसेल ते मोबाइलवर दाखवलं. दिसत होती भारी. मी नाही म्हटलं, आणि पुन्हा नाही म्हटलं. तपासणी विभागात इतकी वर्षं लोकांना 'परत करा' सांगितलं, पण स्वतःच्या हौसेला ते दोनदा सांगावं लागतं, हे त्या दुकानात कळलं. शेवटी तो म्हणाला, "मग मागवावी लागतील. दसऱ्याच्या तोंडावर गाड्या अडकतात, सांगता येत नाही." त्या नवरात्रात मी त्याला इतके फोन केले, की तो फोन उचलून थेट म्हणायचा, "आली नाहीत, काका."

आली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुकानात जाताना शाडूची पिशवी बरोबर घेतली होती. बंटीशेठनं मला त्याच्या पॉलिश केलेल्या फरशीवर माती कालवताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पट्ट्या लावल्या, त्याच्या दुकानातला सगळ्यात जाडजूड माणूस डावीकडं बसवला, समोरच्या खड्ड्यातून गाडी नेली. माती चेपली, पण प्रत्येक पट्टी जागच्या जागी उरली, नख रोवावं एवढी जाड.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत यंत्रं बंद असतात. वर्षभर कानठळ्या बसवणारी शेड त्या दिवशी इतकी शांत असते, की पंख्याची कुरकुर ऐकू येते. यंत्रांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. तपासणी विभागात आम्ही मापनाची हत्यारं टेबलावर मांडून पूजतो. मी माझ्या व्हर्निअरला कुंकू लावलं आणि त्याची मनातल्या मनात क्षमा मागितली. त्या बिचाऱ्यानं एकशे आठ बरोबरच दाखवलं होतं. ते कशाचं माप आहे, हे सांगायचं काम त्याचं नव्हतं.

घरी आलो तर मंगलनं गाडी धुवून ठेवलेली. चारही चाकांना हळद-कुंकू, पुढं झेंडूची माळ, आणि चाकांखाली लिंबं. चाकांसमोर उभी राहून ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "फार काही रुंद दिसत न्हाईत."

"नाहीत फार."

"बरी दिसतायत," म्हणाली आणि ताम्हन उचलून आत गेली.

दसऱ्याला सकाळी तिनं मला काही न विचारता डावं दार उघडलं. मी तिला पोतं, पूल, माप यांतल्या कशाचीही आठवण करून दिली नाही. लिंबं फुटली. तळवडे आलं, तिथं माझे कान एवढे टवकारले होते की रस्त्यावरच्या खडीचा प्रत्येक दाणा वेगळा ऐकू येत होता. डांबराच्या त्या ढिगाऱ्यापाशी मी वेग इतका कमी केला, की मागचा दुचाकीवाला ओरडला, "काका, चालत या!" पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. मंगलची बोटं दाराच्या मुठीवर. मागची उतरली. काही नाही. नुसता गाडीचा आवाज.

"काही ऐकू..."

"गप चालवा."

पुढं चाकणचा बाजार, कांद्याची पोती, मग भीमेकडचा तो उतार, दोन्ही बाजूंना तोडणी चाललेली झेंडूची शेतं. कुठंतरी तिथं तिचा हात मुठीवरून सुटला होता. कधी, ते मला कळलं नाही. मी रस्त्याकडं बघत होतो, आणि तेच बरोबर होतं.

खेडला दारात मेहुणा उभा होता, तानाजी. गाडीभोवती फिरला, वाकून चाकं बघितली, टायरवर बुक्की मारली. "दाजी, चाकं झ्याक हायेत. पर आजून रुंद बसली असती की!" मी हसून आपट्याची पानं पुढं केली. मग तो बहिणीकडं वळला. "ताई, मागल्या टायमाला जीपनं आलीवतीस. आज बसलीस व्हय? भ्या न्हाई वाटलं?"

मंगलनं त्याच्या हातात सोनं ठेवलं आणि घरात शिरता शिरता म्हणाली, "वाटलं तर! मला भ्या वाटतं म्हणून तर चाकं नीट बसली. यांच्या धीरावर असते, तर आजून चाकणलाच उभी असते."